डोळ्यापासून मांडवापर्यंत

मरोळ नाक्याच्या धाकू परबाला देवाने आवाज दिला होता तो एका वाक्यापुरता. "हलू नका!" हे वाक्य तो अशा ताकदीने फेकी की समोरचं कुटुंब तर सोडाच, स्टुडिओतला पंखासुद्धा अर्धा फेरा विसरत असे. वीस वर्षं त्याने अंधेरीतल्या माणसांना असं थिजवून फोटोत बसवलं होतं.

धाकूचा जीव दोघींवर होता. एक बायको सुलक्षणा, जिचं नाव स्टुडिओच्या पाटीवर होतं. दुसरी त्याची झूम लेन्स, जिचं नाव फक्त पाटीवर नव्हतं. या लेन्सबद्दल तो गिऱ्हाइकांना, शेजारच्या इस्त्रीवाल्याला, एकदा तर दाढ काढणाऱ्या डॉक्टरला, तोंडात कापूस असतानाही, सांगत बसला होता. इतर झूम लेन्सचं कसं, लांबचं जवळ ओढलं की फोकस गेलाच. पुन्हा कडं फिरवा, पुन्हा जुळवा. फोटोत ते चालून जातं. धाकूच्या लेन्सला मात्र हे दुखणं नव्हतं. नवरीच्या डोळ्यावर एकदा फोकस धरला की सावकाश मागे या: डोळा, चेहरा, मुंडावळ्या, नवरा, मामा, मांडव. फोकस जागचा हलत नाही. "बायको रुसात, पण ही नाय रुसाची," असं तो म्हणे, अर्थात सुलक्षणा स्वयंपाकघरात असताना.

पंच्याऐंशी साली सगळ्यांना लग्नाची व्हिडिओ कॅसेट हवीशी झाली. धाकूनेही एक जुना व्हिडिओ कॅमेरा मिळवला. वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत राहून त्याच्या लेन्सला बुरशी धरली होती. धाकूला उलट आनंदच झाला. ती लेन्स त्याने काढून टाकली आणि आपली लाडकी तिथे बसवायचं ठरवलं. लेन्स आणि कॅमेऱ्याची मापं जुळेनात, म्हणून मरोळच्या एका गाळ्यात लेथ चालवणाऱ्या चंद्रप्रकाशकडून पितळेचं कडं करून घेतलं. भर उन्हात, स्टुडिओच्या दारातून समोरच्या इमारतीवर रोखून पाहिलं. फक्कड!

फोटोची लेन्स व्हिडिओच्या एवढ्याशा डोळ्यावर बसवली की सगळं भलतंच जवळ दिसतं, म्हणून धाकूला लांब उभं राहावं लागे. रेकॉर्डर वेगळा, त्याची बॅटरी वेगळी, आणि हे सगळं सुलक्षणाच्या खांद्यावर. दोघांच्या मध्ये चार हातांची वायर. सप्तपदीनंतर सोळा वर्षांनी ही दोघं पुन्हा एकमेकांना बांधली गेली होती.

पहिलंच मोठं काम आलं ते वर्सोव्याच्या अंजनाबाईंकडून. बाजारात पापलेटाचा ढीग मांडून बसणारी ही बाई बोलली की गिऱ्हाइकाचा हात आपोआप पिशवीत जाई. तिच्या कमळचं लग्न होतं.

"धाकू, माझा मानूस मस्कतला हाय," ती म्हणाली. "सा वर्सा झाली. पोरीच्या लग्नाला पन साहेबानं सोडला नाय. आमच्या आलीतला नंदू बुधवारी इमानानं मस्कतला जातंय, त्याच्या हातान कॅसेट धाडायची हाय. धर्माला सगला दिसला पायजे. एकूनएक मानूस!"

"अंजनाबाई, कोळंबीच्या मिशासुद्धा मोजून घेईल धर्मा!" धाकू म्हणाला.

रविवारी लग्न लागलं. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीवर चढून धाकूने आपला खास झूम सतरा वेळा केला. डोळा, चेहरा, मांडव. डोळा, चेहरा, मांडव. खाली वाळूत वायरच्या टोकाला सुलक्षणा रेकॉर्डर घेऊन उभी. कॅमेऱ्याला डोळा लावला की आतल्या इवल्याशा काळ्यापांढऱ्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं.

सोमवारी अंजनाबाईच्या घरी भाड्याने व्हीसीआर आला. अर्धी आळी जमिनीवर बसली. पहिल्यांदा आला कमळचा डोळा. टीव्हीभर डोळा! पापणीन् पापणी मोजता येईल असा. आळीने "आई गं!" म्हणून श्वास घेतला. धाकूने मान ताठ केली. मग चित्र मागे सरकू लागलं. चेहरा आला, जरा मऊसा. मुंडावळ्या आल्या, त्या कापसाच्या झाल्या. मांडव उघडला आणि त्यात माणसंच नव्हती! रंगीत ढग होते. हिरवा ढग, लाल ढग, मध्ये एक उंच पांढरा ढग.

घरात कोणी हलेना. धाकूला वाक्य टाकायची गरजच पडली नाही.

"ही कोन?" शेवटी सुनंदा, अंजनाबाईची धाकटी जाऊ, हिरव्या ढगाकडे बोट दाखवून म्हणाली.

"ती मी," अंजनाबाई म्हणाली.

"तुजा लुगरा हाय तो. तू कुठं हाय त्यान?"

"आनि तो पांढरा?"

"भटजी असल."

"नाय गो, तो फ्रीज हाय. आहेरातला!"

धाकूने कॅसेट पुढे पळवली. दुसरा झूम, तिसरा झूम, सतराच्या सतरा तसेच. डोळे लख्ख, दागिने लख्ख, आणि मागे आलं की अख्खं वर्सोवा धुक्यात. वीस वर्षांत त्याला लेन्सने दगा दिला नव्हता, आणि दिला तो असा, अर्ध्या आळीपुढे. अंजनाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "धाकू, धर्मानं मना कशी वलखायची रं?"

घरी जाऊन धाकूने लेन्स कपाटात ठेवली आणि कपाटाकडे पाठ करून बसला. "वीस वर्सां मिया हिका मऊ फडक्यान पुसलंय," तो म्हणाला.

"माका एकदा तरी पुसलात?" सुलक्षणा म्हणाली. मग तिनेच कपाट उघडलं. "रडा नको. जवळचा चोख दिसता ना? मगे भिंग बरा हा. ता बसलाहा खय, ता बघा."

 कोणी कानाखाली वाजवावी तसा धाकू उठला, कडं काढलं आणि चंद्रप्रकाशच्या गाळ्यावर गेला. चंद्रप्रकाशने कडं हातात घेऊन अभिमानाने फिरवलं.

"शादी का काम बोला था ना परबसेठ, तो दोनों तरफ से घिस के चमका दिया! देखो, थोबडा दिखता है!"

खरंच दिसत होतं. त्या चकचकीत कड्यात धाकूला स्वतःचा हादरलेला थोबडा दिसला. चमकवता चमकवता चंद्रप्रकाशने ते दोन-तीन कागदांच्या जाडीने झिजवलं होतं. लेन्स तेवढीच आत बसली होती. जवळ ओढलं की हाताने फोकस धरून निभावे; मागे आलं की तो पळे. उन्हात भिंग बारीक उघडं असतं आणि तेव्हा फोकसची थोडी चूक खपून जाते, म्हणून चाचणीत चोरी लपली; मांडवाच्या सावलीत उघडी पडली.

नवं कडं व्हायला वेळ नव्हता. धाकूने खिशातली बसची तिकिटं काढली, कातरून कड्याखाली दडवली आणि स्टुडिओतल्या टीव्हीवर पाहिलं. एक तिकीट: ढग. दोन: भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. तीन: मागे, मागे, अगदी मागे येऊनही कॅलेंडरवरच्या चतुर्थीचा आकडा वाचता आला. धाकूने लेन्सला नमस्कार केला. सुलक्षणाकडे नुसतं पाहिलं, पण बरंच पाहिलं.

मंगळवारी दुपारी तो अंजनाबाईपुढे उभा राहिला. "लग्न परत लावता येणार नाही..."

"लग्न दिसला रं," ती म्हणाली. "मानसा नाय दिसली. मानसा परत घे."

आणि तिने माणसं आणली! ऊन कलायच्या आत किनाऱ्यावर दीडशेजण उभे. कमळ पुन्हा शालू नेसली. नवरा चंदर कामावरून अर्धी रजा टाकून बाशिंग बांधून आला, बसमध्ये बाशिंगासकट उभा राहून. भटजी मात्र म्हणाले, मंत्र म्हणणार नाही, नुसता उभा राहीन.

धाकू होडीवर चढला. कमळच्या डोळ्यावर फोकस धरला आणि वीस वर्षांच्या सवयीने गरजला, "हलू नकाऽऽ!"

दीडशे माणसं गारठली. कोणाची पापणी लवेना. धाकू झूम मागे आणू लागला. खालून सुलक्षणाने वायरला असा हिसका दिला की तो होडीतून पडायचाच.

"अहो, व्हिडिओ हा तो! मस्कतात बघून म्हणतीत, कोण गेला म्हणान सगळी उभी रवली!"

आधी सुनंदा फिसकली. मग भटजी. मग हसू किनाराभर पसरलं. बाया एकमेकींच्या अंगावर पडू लागल्या. धाकूने पुन्हा डोळ्यावर फोकस धरला आणि मागे आला. डोळा, चेहरा, चंदरचं तिरकं बाशिंग, सुनंदाचे पुढचे दात, भटजींची शेंडी, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीच्या हातातली टोपली, टोपलीतला बोंबील. एकूनएक. काही निसटलं नाही. 

नंदू कॅसेट घेऊन गेला. आठ दिवसांनी अंजनाबाईचा निरोप आला: शेजारच्या दशरथशेठकडे मस्कतचा फोन येणार, धाकूने हजर राहावं, तक्रार असली तर तोंडावर ऐकावी. धाकू गेला. त्या फोनवर बोलणं म्हणजे ओरडणं होतं, त्यामुळे धर्माचा आवाज घरभर ऐकू येत होता.

"बगितला! सगला बगितला! कमल बगितली, जावय बगितला. टीव्ही थांबवून थांबवून बगितला!"

धाकूने डोळे मिटले. एवढं हलकं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

"अंजना, पन एक सांग. कमलच्या बाजूला पांढऱ्या केसांची मातारी कोन उभी व्हती? चंदरची आजी काय?"

अंजनाबाईने फोन कानापासून जरा लांब धरला.  दशरथशेठची बायको चहाचा कप घेऊन दारातच थांबली.

"मी व्हती ती," अंजनाबाई म्हणाली.

फोनमध्ये नुसती खरखर राहिली. मिनिटामिनिटाला मोजला जाणारा फोन, आणि धर्मा बोलेना. दशरथशेठला वाटलं लाइन गेली. ते उठले, तारेला हात लावून बसले.

"अंजना," आवाज आला. आता तो ओरडत नव्हता, तरी ऐकू आला. "मी राजीनामा देतंय. हिशोब जाला की येतंय."

"ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती धाकूकडे वळली. धाकूने अंग चोरलं. पापलेटाचा भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. 

"दिसला त्याला," ती म्हणाली, आणि पदर खोचून बाजाराला निघाली.