आरशातली चांदणी

परवा आकाशकंदिलासाठी नात चांदणी काढत होती. कोपऱ्यावर तिची पेन्सिल अडखळली आणि मला आप्पा आठवले.

सत्तरच्या दशकात कोल्हापुरात मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होते. आप्पा, माझे वडील, शाळेत चित्रकला शिकवायचे. बी.ए. झालं की माझं शिक्षण थांबवून स्थळं बघायची, असं त्यांनी ठरवलं होतं. कॉलेजच्या प्रयोगासाठी मी त्यांनाच बसवलं. कागदावरच्या चांदणीला पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि समोर आरसा ठेवला.

"आप्पा, फक्त आरशात बघून गिरवायची."

"एवढंच हाय व्हय?"

पहिल्याच कोपऱ्यावर त्यांचा हात उलट दिशेला पळाला. फळ्यावर एका दमात गोल काढणारा माणूस घामाघूम झाला. आता चिडणार, असं वाटलं. पण त्यांनी नवा कागद मागितला, मग आणखी एक. हळूहळू रेघ वळणावर आली, तसे ते खुलले.

"हात शिकला की गं. पण कसा शिकला?"

"ते एम.ए.ला शिकवतात," मी धीर करून म्हटलं.

आप्पा खो खो हसले. "मग शिकून ये आणि मला सांग."

तेव्हा वाटलं, मी त्यांना बरोबर पेचात पकडलं. आता वाटतं, त्यांना हो म्हणायचंच होतं, फक्त निमित्त हवं होतं.