पत्ते सपाट राहावेत म्हणून

पत्त्यांना हात लावण्याआधी ते हात धुऊन कोरडे करायचे. पत्ता कडेनेच उचलायचे. कोणी टेबलावर चहाचा कप ठेवला की वाक्य अर्धवट सोडून तो उचलून स्टुलावर ठेवायचे. नवा कॅट फोडला की आधी वास घ्यायचे. पत्ते कधी खेळले मात्र नाहीत. "खेळलं की झिजतात," म्हणायचे.

आम्ही त्यांना चष्मेकाका म्हणायचो. चष्म्याच्या दुकानात मागे बसून ते फ्रेममध्ये काचा बसवत. जीव पत्त्यांच्या पाठींवर. कुठे मोर, कुठे जहाज, कुठे नुसती सोनेरी वेल. एका कॅटमधल्या सगळ्या पत्त्यांची पाठ सारखीच असते. त्यामुळे आपल्याला एकच पत्ता पुरतो, बाकीचे अदलाबदलीला. त्यासाठी दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही काही जण जमायचो. नियम एकच. पत्ता टेबलावर सपाट बसला पाहिजे.

त्या वर्षी ओल हटेना. एका रविवारी काकांनी दिलेला पत्ता आमच्यातल्या पोस्टमनने टेबलावर ठेवला आणि टोकावर बोट दाबलं. पत्ता डुलला.

"काका, पत्ता आणलाय की होडी?"

सगळे हसले. काकाही हसले. पण पत्ता परत घेताना त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी पत्त्यांच्या खोलीत कोळशाची शेगडी आली. कोळसे ते बाहेर पेटवत. धूर पूर्ण संपून निखारे लाल झाले की मगच शेगडी आत नेत. मग खिडकी बंद, दाराखालच्या फटीत चिंधी. बाहेरची ओल आत यायला नको.

"अहो, जीव घुसमटतो तिथे. खिडकी तरी उघडा," काकू म्हणायच्या.

"धूर दिसतोय का कुठे? मग झालं तर."

घरचं मांजर त्या खोलीत जाईनासं झालं.

"त्यालासुद्धा पत्त्यांचा वीट आला," काकू मला म्हणाल्या. पण त्या हसत नव्हत्या.

पत्ते सरळ झाले. काकांचं डोकं मात्र दुखू लागलं. डोकं धरून दुकानात आलेली आणि नव्या नंबराने बरी झालेली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. त्यांनी स्वतःचा नंबर तपासून घेतला, काचा बदलल्या. थोड्या दिवसांनी पुन्हा बदलल्या.

"दुकानात गेलो की थांबतं बघ," ते मला सांगत होते. "घरी बारीक काम, त्याचा ताण."

"आणि दुकानात काय डोंगर फोडता?" काकूंनी आतून विचारलं.

"तिथे उजेड चांगला असतो."

पुढच्या रविवारी ते जिना चढताना दोनदा थांबले. चेहऱ्याचा रंग उतरला होता. पोस्टमनने त्यांच्या पत्त्यावर बोट दाबलं. पत्ता हलला नाही. बदल्यात पोस्टमनने निळ्या पाठीचा, पांढऱ्या बगळ्यांचा पत्ता दिला. काका तो कडेनेच धरून घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी काकांना सुट्टी होती. काकू दुपारी बहिणीकडे गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा खोलीचं दार बंद होतं. हाक मारली. मग त्यांनी मला शेजारून बोलावलं. चिंधीमुळे दार अडलं होतं, खांद्याने ढकलावं लागलं.

काका टेबलावर डोकं टेकून बसले होते. चष्मा काढून बाजूला ठेवला होता. गाल गुलाबी दिसत होते, कधी नव्हे इतके.

डॉक्टर आले. त्यांनी आधी खिडकी उघडली, मग काकांकडे वळले. बराच वेळ त्यांनी नाडी शोधली आणि हात हलकेच खाली ठेवला. मग शेगडीकडे पाहिलं.

"पण धूर नव्हता हो," काकू म्हणाल्या. "धूर अजिबात नव्हता."

"निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो," डॉक्टर म्हणाले.

टेबलावर जाड कागदाचं पान होतं. काका पत्त्यांना डिंक लावत नसत. पानाला चार तिरप्या चिरा पाडायचे आणि पत्त्याचे चार कोपरे त्यांत अडकवायचे. बगळ्यांचा पत्ता पानाशेजारी ठेवला होता. तीन चिरा पाडून झाल्या होत्या. चौथ्या जागी पेन्सिलीची खूण होती.