धाकट्यांच्या पोटात थोरले

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बंगलोरमध्ये जेवढा संताप तयार होत होता, त्यातला निदान निम्मा आमच्या जे. पी. नगरच्या ऑफिसातल्या मागच्या खोलीत एकटे अण्णा तयार करत असत. उरलेला निम्मा त्यांनी ज्यांना झापलं त्यांचा असे, म्हणजे तोही एका अर्थी अण्णांचाच. 'अण्णा' हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव पगाराच्या पाकिटावर असेल, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून कर्नाटकात उतरलं आणि पिढ्यान्‌पिढ्या फिरत शेवटी राजाजीनगरात स्थिरावलं होतं. त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी होतं, कानडीत मराठी होतं, आणि दोन्हींत राग होता. मी पुण्याहून नुकताच आलेला, बोलताना दर वाक्याला तीन इंग्रजी शब्द वापरणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे हो तुमचं. मध्येमध्ये मराठी कशाला घालता?"

ती मागची खोली सर्व्हरची. तिथे दोन मशीनं होती. एक जुनं, कपाटाएवढं, उन्हात ठेवलेल्या वर्तमानपत्रासारखं पिवळट. दुसरं नवं, काळं, गुळगुळीत. अण्णा त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. म्हणजे विनोदाने नव्हे, सहज. "थोरले आज स्वल्प गरम आहेत," असं ते सांगत तेव्हा नव्या माणसाला वाटायचं की आत कुणाला तरी ताप आलाय. खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, मोठ्याने हसायचं नाही, आणि चहाचा ग्लास दिसला तर जामीन नाही. आमच्या साहेबांनी एकदा बूट न काढता आत पाऊल टाकलं. अण्णा नुसतं वाकून त्या बुटांकडे बघत राहिले. बघत राहिले म्हणजे इतकं की शेवटी साहेब स्वतःच खाली बघायला लागले, आणि मग मोज्यांवर आत आले.

हा सगळा आदर सर्व्हरांपुरता. लॅपटॉप या वस्तूबद्दल अण्णांना जे वाटायचं ते छापण्याजोगं नाही. त्या वर्षी कंपनीने विक्रीवाल्यांना आणि आमच्यासारख्या मिरवणाऱ्यांना एकाच बनावटीचे लॅपटॉप वाटले होते. वजन पाट्याएवढं, आणि बॅटरी अशी की टेबलापासून मीटिंगच्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर निम्मी संपे. बिजागरी कुरकुरे, तळ इतका तापे की मांडीवर ठेवणाराला खुर्चीत नीट बसवत नसे. कंपनीच्या कागदपत्रांत याला 'बिझनेस लॅपटॉप' म्हणत. "बिझनेस कुणाचा? विकणाऱ्याचा!" अण्णा गरजत. "आपल्याला काय मिळालं? इस्त्री!" तरीही बिघडलेला लॅपटॉप शेवटी त्यांच्याकडेच यायचा, आणि तो आला की ते आधी मशीन तपासत नसत, माणूस तपासत. कुठे ठेवला होता? कुणी उघडला? त्या वेळी तुम्ही काय खात होता? विक्री विभागातल्या एका गृहस्थांनी "मी कामाच्या वेळी काही खात नाही" असं बाणेदारपणे सांगितलं. अण्णांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, लॅपटॉप उलटा केला आणि पाठीवर दोन थापा दिल्या. आतून कोडबळ्यांचा, म्हणजे आपल्या कडबोळ्यांचा, एवढा चुरा पडला की बघणाऱ्याला भूक लागावी. अण्णांनी त्याची नीट पुडी बांधली, लॅपटॉपसोबत परत पाठवली आणि निरोप दिला, "तुमचा माल तुम्हाला. आम्ही काही ठेवून घेत नाही."

माझं त्यांच्याशी जमलं ते माझ्या एका पराक्रमामुळे. बॅटरी मेली होती, मीटिंग सुरू व्हायची होती, आणि मोकळा प्लग कुठे मिळेना. अण्णा जेवायला गेलेले. मी त्या खोलीत गेलो (चपला काढून, एवढं तरी केलं), पंख्याचा असेल अशा समजुतीने एक प्लग उपटला आणि त्या जागी माझा लॅपटॉप लावला. पंखा चालूच राहिला. थोरले मात्र शांत झाले. बाहेर आख्खं ऑफिस एकदम उभं राहिलं, म्हणजे शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर उभं राहतं तसं. अण्णा डबा अर्धा टाकून धावत आले. मला वाटलं आता आपली पुण्याची गाडी. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी थोरल्यांसमोर एक स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "बसा. त्यांना शुद्ध येईपर्यंत उठायचं नाही." मी बसलो. पडद्यावर एकेक ओळ उमटत होती आणि अण्णा शेजारी उभं राहून मला सांगत होते, ही ओळ कसली, ती ओळ कसली, इथे अडलं तर काय करायचं. मीटिंग बुडाली. पण त्या दिवसापासून मी त्यांचा हक्काचा आरोपी झालो, आणि आरोपीला रोज हजेरी लावावी लागते.

खरा राग बघायचा तर मशीन विकणाऱ्या कंपनीला ते फोन करत तेव्हा. सुरुवात इंग्रजीत, सभ्य. समोरच्याने "प्लीज होल्ड" म्हटलं की हिंदी. "बंद करून चालू करून बघा" म्हटलं की कानडी. आणि "आमच्याकडे तर असं कधी होत नाही" म्हटलं की मराठी, कारण ती फक्त स्वतःसाठी. "बंद करून चालू करा म्हणे! हे सांगायला माणूस कशाला ठेवलाय? टेप लावा की!"

असं सगळं सुखात, म्हणजे रागारागात, चाललेलं असताना साहेबांनी एक दिवस जाहीर केलं की थोरल्यांना निवृत्त करायचं. त्यांच्यावर आमच्या एकाच गिऱ्हाइकाचा प्रोग्राम चालायचा, येलहंक्याच्या एका अगरबत्ती कारखान्याचा. तो लिहिणारा कधीच परदेशी गेलेला, आणि नव्या मशीनवर तो चालत नव्हता. थोरल्यांचे सुटे भाग आता मिळत नव्हते. तेव्हा कारखान्याला हात जोडायचे, धाकट्यांना मुख्य कचेरीत हलवायचं, खोली रिकामी करायची, आणि अण्णांना नव्या 'लॅपटॉप सेल'चे, म्हणजे लॅपटॉप दुरुस्ती विभागाचे, प्रमुख करायचं. साहेबांना ही बढती वाटत होती.

"माझे पूर्वज घोड्यावर बसून आले हो इथे," अण्णा मला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी घाबरलो. "आणि मी आता लोकांच्या मांडीवरच्या डब्या पुसत बसू?"

मग त्यांनी उपाय काढला. त्या सुमारास एक नवाच प्रोग्राम निघाला होता. तो एका मशीनच्या आत दुसरं, खोटंखोटं मशीन उभं करी. आतल्याला वाटे आपण स्वतंत्र, अस्सल. त्याला आपण कुणाच्या पोटात आहोत याचा पत्ताच नसे. अण्णांनी तो कुठूनशी सीडी आणून बघितला होता. "धाकट्यांच्या घरात थोरल्यांना एक खोली द्यायची," त्यांनी साहेबांना समजावलं. "जुना प्रोग्राम त्यांच्यासकट आत. घर बदललंय हे त्यांना कळूसुद्धा द्यायचं नाही." साहेबांना शंका होती, पण गिऱ्हाईक सुटत नाही म्हटल्यावर ते तयार झाले. ठरलं असं : शुक्रवारी सकाळी कारखान्याच्या मालकांना बोलवायचं. त्यांचं काम धाकट्यांवर चाललं, तर मशीनं इथेच, खोली इथेच, अण्णा खोलीत. नाही चाललं, तर लॅपटॉप सेल.

थोरले धाकट्यांच्या पोटात शिरले, दोन दिवस छान नांदले, आणि मग धाकट्यांना झटके यायला लागले. काही कारण नसताना मशीन बंद पडे आणि पुन्हा स्वतःच सुरू होई. विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर आला. टाय लावलेला, हात स्वच्छ. त्याने आधी विजेला दोष दिला, मग अर्थिंगला, मग धुळीला, शेवटी बंगलोरच्या हवेला.

"हवेला काय झालंय?" अण्णांनी विचारलं.

"दमट आहे, सर."

"अय्यो! अख्खा देश इथे हवा खायला येतो, आणि तुमच्या मशीनला ती बाधते?"

त्याला वाटेला लावून अण्णांनी धाकट्यांचं एकेक अंग सुटं केलं. मेमरीच्या पट्ट्या काढायच्या, एक लावायची, वाट बघायची. दुसरी लावायची, वाट बघायची. मध्ये त्यांनी छातीठोकपणे पंख्याला दोषी ठरवलं, नवा पंखा आणला, आणि धाकट्यांनी तो फिरत असतानाच झटका देऊन दाखवला. मग पॉवर सप्लाय दोषी. तोही निर्दोष सुटला. शेवटी कळलं की मुख्य बोर्डच सदोष आहे, कारखान्यातूनच तसं आलेलं. "नवं मशीन, आणि जन्मतःच आजारी!" अण्णांचा आवाज रस्त्यावर गेला. बदली बोर्ड सिंगापूरहून येणार होता. कधी, ते सिंगापूरलाच ठाऊक. आणि शुक्रवारी सकाळी, मालक येलहंक्याहून निघाले असल्याचा फोन आल्यावर, धाकटे जे बंद पडले ते उठेचनात.

अण्णा स्टुलावर बसले. मी आयुष्यात सल्ले बहुधा चुकीच्या वेळीच दिले आहेत, त्याला जागून म्हटलं, "अण्णा, माझ्या लॅपटॉपवर चालेल का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी देवघरात शिंकलो असतो तर बरं. पण दुसऱ्याच क्षणी ते उठले. थोरल्यांची जपून ठेवलेली नक्कल माझ्या लॅपटॉपवर चढवली. चालू करायला गेले तर मेमरी अपुरी. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. कपाटात साहेबांचाच लॅपटॉप पडला होता, 'हळू चालतो' अशा तक्रारीवरून दुरुस्तीला आलेला. बनावट तीच. अण्णांनी स्क्रू काढला. "आता आणखी हळू चालेल," म्हणाले आणि त्यातली पट्टी माझ्या लॅपटॉपात बसवली.

मालक आले. सत्तरीचे, धोतर, अंगाला चंदनाचा वास. साहेब मागून, न सांगता बूट काढून. टेबलावर माझा लॅपटॉप भाजणीच्या थालीपीठासारखा तापलेला, आणि अण्णा एका हाताने पुठ्ठ्याने त्याला वारा घालताहेत. पडदा काळा. मग थोरल्यांच्या त्या जुन्या ओळी उमटायला लागल्या, हळूहळू, म्हातारा माणूस जिना चढतो तशा. शेवटी कारखान्याचा हिरवा मेनू आला. मालकांनी खुर्ची पुढे ओढली, दोन बोटांनी काहीतरी बडवलं, आणि त्यांना हवं होतं ते बिल बाहेर आलं.

"अरे, नम्म हळेदे!" ते ओरडले. आपलं जुनंच की! त्यांनी उठून अण्णांचा पुठ्ठ्याचा हात हातात घेतला.

मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. तेवढ्यात साहेब म्हणाले, "म्हणजे हे सगळं एका लॅपटॉपवर चालतं?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"मग ही एवढी खोली कशाला ठेवायची?"

मला सुचेल ते मी बोललो. रोज नाही चालणार, सर, तापतो, सर, हा तर नुसता तात्पुरता. अण्णांनी माझ्या एका शब्दाला दुजोरा दिला असता तर साहेब थांबले असते, कारण मशीनच्या बाबतीत ते अण्णांनाच घाबरत. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते पुठ्ठा खाली ठेवून पडद्याकडे बघत होते.

"चाललं ना?" ते मला म्हणाले. "डोळ्यांसमोर चाललं. मग चालणार नाही असं कसं सांगू?"

खोली त्या महिन्यात रिकामी झाली. लॅपटॉप सेल अण्णांनी घेतला नाही. अगरबत्तीवाल्या मालकांनी एक साधं नवं मशीन घेतलं, थोरले त्याच्या पोटात गेले, आणि त्यांच्याबरोबर अण्णाही येलहंक्याला गेले, कारखान्यात नोकरीला.

बऱ्याच दिवसांनी मी भेटायला गेलो. अंगणात अगरबत्त्या वाळत घातल्या होत्या. एका स्वच्छ खोलीत, पंख्याखाली, अण्णा टेबलाशी बसले होते. मला बघून हसले. हसले! मला ते अजिबात आवडलं नाही. सगळे मान देतात म्हणाले. मालक दुपारी स्वतः कॉफी पाठवतात म्हणाले. वीजसुद्धा इकडे बरी आहे म्हणाले. मशीन कसं आहे विचारलं, तर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "चालतंय हो. रोज चालतंय. कुणी तक्रारच घेऊन येत नाही." आणि कॉफीच्या पेल्यात बघत राहिले.

मी निघायला उठलो. संध्याकाळ होत आली होती, समोरच्या रस्त्यावर शहरात जाणारी बस मिळे. पिशवी खांद्याला अडकवली, आणि मग पुन्हा खाली ठेवली. आतला लॅपटॉप ठणठणीत होता. तो मी काढला, त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "अण्णा, हा हल्ली मध्येच थांबतो. काय झालंय कळत नाही."

त्यांनी कॉफी बाजूला सारली. चष्मा शोधला. लॅपटॉप वरून बघितला, खालून बघितला, नाकाशी नेऊन वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"कुठे ठेवला होता?" आवाज हळूहळू वर जायला लागला. "कुणी दिला हा तुम्हाला? आणि तुम्ही घेतलात? अय्यो, शिकलेली माणसं की हो तुम्ही!" अंगणातल्या बायका अगरबत्त्या उचलता उचलता थांबून खिडकीकडे बघायला लागल्या. खुर्ची पुढे ओढून मी खाली मान घालून बसलो. समोर बस येऊन थांबली, जराशी थांबली, आणि निघून गेली. मला ती दिसत होती.