मागावरचा तुटका धागा

विद्यार्थ्यांच्या लघुपटासाठी विणकराचं घर उभारायचं होतं. जागा मिळाली सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बंद शेडमध्ये, कारण तिथे एक हातमाग अजून जागेवर होता. तो विकला गेला होता आणि घेणारा तो दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवून नेणार होता. त्यामुळे मागाची सगळी दृश्यं उजेड असेपर्यंत संपवणं भाग होतं.

सेट विणकर कुटुंबातल्या एका विद्यार्थ्याने केला होता. मागाभोवती प्लायच्या तीन भिंती, त्यांवर चिकटवलेली रद्दी आणि वर नीळ घातलेला चुना. बसलेल्या माणसाचं डोकं टेकतं त्या उंचीवर त्याने खोबरेल तेलाचा डाग चोळला होता. मी आत गेलो तेव्हा आधी तो डाग पाहिला आणि मग भिंत खोटी आहे हे आठवलं.

कंटिन्युइटी माझ्याकडे होती. शॉट संपला की फोटो काढायचा आणि पुढच्या शॉटआधी सगळं तसंच आहे का ते बघायचं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केल्याने बातमीत वर लिहिलेलं वय खाली बदललेलं पकडण्याची सवय मला होती. हे काम त्याहून फार निराळं नव्हतं.

गोष्ट छोटी होती. विणकर वारला त्या दिवशी मागावरचा एक धागा तुटला आणि घरात त्याला कुणी हात लावला नाही. शेवटी मुलगी येऊन तो बांधते. करमाळ्याकडची दिग्दर्शक मुलगी ही भूमिका स्वतः करत होती आणि गाठ मारायला महिनाभर शिकत होती. त्या मुलीच्या आईचं काम सेट करणाऱ्या मुलाच्या आईकडे होतं; त्यांना सगळे काकू म्हणत.

जेवणानंतर मी फोटो समोर धरून मागाकडे पाहिलं. लाल पट्ट्यातला लोंबता धागा नव्हता. तिथे बारीक गाठ होती आणि शेंडे कापलेले होते.

"काकू, हे काय केलं ओ तुमी?" दिग्दर्शक म्हणाली.

"तुटलं होतं की. बांधलं."

"आई, तो मेलेल्या माणसाचा धागा हाय, पिच्चरमधला!" सेट केलेला त्यांचा मुलगा ओरडला.

"मेलेल्याचा असला म्हणून काय झालं? मागावर तुटका धागा ठिवतं व्हय कुनी? मी नुसती बसले होते, हातानं आपसूक बांधला."

मुलाने त्याच पट्ट्यातला शेजारचा धागा तोडला आणि फोटोत होता तसा लोंबता ठेवला. त्यात बराच वेळ गेला. छतातल्या काचेतून येणारा उजेड भिंतीच्या वरच्या टोकाला सरकला होता. आता एकच दृश्य घेता येणार होतं.

दिग्दर्शक थोडा वेळ काकूंच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी न्हाय बांधत. काकू बांधतील."

तिने स्वतःचा शेवटचा शॉट काढून टाकला होता, आणि तेही कुणाशी चर्चा न करता.

पहिल्या टेकला काकूंनी धागा देवाचा प्रसाद उचलावा तसा उचलला. तो टेक वाया गेला. मुलाने पुन्हा धागा तोडून दिला. या वेळी दिग्दर्शक 'ॲक्शन' न म्हणताच कॅमेऱ्याकडे पाठ करून मागाशेजारी बसली आणि सहज म्हणाली, "काकू, तुमचा पोरगा सकाळपास्नं जेवला न्हाय."

"जेवला न्हाय? डबा दिला होता की! घरी बी असंच. भिंतीला तेल पाजतोय, स्वतःच्या पोटात घास न्हाय..."

काकू मुलाकडे बघत बोलत राहिल्या. खाली बोटांनी दोन टोकं शोधली, गाठ बसली, शेंडे तुटले. त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. बोलणं संपेपर्यंत कॅमेरा चालूच होता.

"बरं," काकू पदर सावरत म्हणाल्या, "माझं कधी घेणार?"

"घेतलं की," दिग्दर्शक म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून बसली.