आईचा हात कुणाच्या हातात होता

त्या रविवारी सकाळी अकरा वाजता, भरलेल्या हॉलमध्ये, मी एका मोठ्या लेखकासमोर बसून त्याला खोटं बोलताना ऐकत होते, आणि हातातला माइक त्याच्या अंगावर फेकावा असं मला वाटत होतं.

समोर त्याला मी अहो-जाहो करत होते. इथे करणार नाही.

हैदराबादच्या आमच्या मराठी मंडळासाठी मी बरीच वर्षं मुलाखती घेत आले. नाव झालेली माणसं यायची, चित्रकार, नट, कवी. मी त्यांना देव, प्रेम, भीती, मरण यांबद्दल विचारायचे. कार्यक्रमाचा हॉल हिमायतनगरात. समोर निम्मी माणसं आयटीच्या नोकरीसाठी पुण्या-मुंबईहून आलेली आणि निम्मी आमच्यासारखी, निजामाच्या काळापासून इथंच मुरलेली. मंडळाचे सचिव चाळिशीतले, पुण्याचे. माझी प्रश्नांची यादी त्यांनी परत पाठवली होती. "मॅडम, इंग्लिश अक्षरांत टाइप करून द्याल का? देवनागरी वाचायला मला वेळ लागतो." मी दिली. दात-ओठ खात दिली.

लेखक मूळचा इथलाच, जामबागेतला. तरुणपणी पुण्याला गेला आणि तिथं मोठा झाला. त्याची थोरली बहीण मात्र जामबागेतच राहिली. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. सगळी बिल्डिंग त्यांना अक्का म्हणते. अक्कांनी लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवायच्या. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि पुढची नऊ वर्षं आईला सांभाळलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, भात कुस्करून चमच्यानं भरवायचा. चादर बदलायला दोन माणसं लागायची, म्हणून रविवारी मी जायचे. मी पाय उचलायचे, अक्का खांदे उचलायच्या. त्यात त्यांचा उजवा खांदा कायमचा गेला. आजही त्यांना त्या हातानं केस विंचरता येत नाहीत.

या नऊ वर्षांत लेखक दोनदा आला. एकदा कुठलासा सत्कार घ्यायला शहरात आला होता, तेव्हा तासभर. आणि एकदा आई गेल्यावर, तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी त्याला चहा मी करून दिला होता. मुलाखतीच्या दिवशी त्यानं मला ओळखलंही नाही.

अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. इस्त्रीची निळी साडी, डोक्यात मोगरा. भाऊ इतक्या वर्षांनी आपल्या गावात बोलणार म्हणून सकाळी नऊलाच येऊन बसल्या होत्या.

मी विचारलं, "तुम्हाला मरणाची भीती वाटते का?"

तो थोडा थांबला. त्याला थांबता फार छान येतं. मग म्हणाला, "वाटायची. आई गेली त्या सकाळी संपली. तिचा हात माझ्या हातात होता. बोलणं बंद झालं होतं. तिनं माझा हात दोनदा दाबला. हळूच. मग सोडून दिला. त्या क्षणी मला कळलं की मरण म्हणजे फक्त हात सोडणं."

हॉलमध्ये रुमाल निघाले. सचिवांनी चष्मा काढून डोळे पुसले.

दोनदा हात दाबला, हळूच, मग सोडून दिला. हे शब्द मला पाठ होते. आई गेली त्या सकाळी अक्कांनी मला फोन करून खाली बोलावलं होतं आणि माझ्यासमोरच पुण्याला फोन लावून भावाला हेच शब्द सांगितले होते. फोन ठेवल्यावर मलाही हेच सांगितलं होतं. मी अक्कांकडे पाहिलं. त्या खाली मान घालून साडीच्या निऱ्या नीट करत होत्या.

यादीत पुढचा प्रश्न देवाबद्दल होता. मी तो विचारला नाही.

"त्या सकाळी तुम्ही जामबागेत होतात?"

तो हसला. "मनानं मी तिथंच होतो."

"आणि शरीरानं?"

"शरीरानं पुण्यात." लोक हसले. त्यांना ती कोटी वाटली.

"मग आईंनी हात दाबला तो कुणाचा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ लोकांकडे पाहिलं. "लेखक कुणाला म्हणायचं? ज्याला दुसऱ्याचा हात आपला करता येतो त्याला."

टाळ्या पडल्या. टाळ्या! मी इतकी संतापले की माझा आवाज अगदी बारीक झाला.

"ज्यांचा हात तुम्ही आपला केलात, त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारलं होतंत?"

सगळा हॉल अक्कांकडे वळला. मागच्या रांगेतली माणसं मान उंचावून बघू लागली. अक्का उठल्या, पर्स काखेत धरली आणि भिंतीच्या कडेनं बाहेर निघून गेल्या. सचिव हातवारे करून मला 'संपवा' म्हणत होते. मी संपवलं. लेखकानं लोकांना नमस्कार केला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, तुम्ही कोर्टात वकिली करायला हवी होती." मी म्हटलं, "तुम्ही आईपाशी असायला हवं होतं." सचिव मध्ये आले, "मॅडम, थोडं सेन्सिटिव्हली..." मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. जेवण तसंच टाकून रिक्षा केली आणि जामबागेत आले.

खरं सांगते, रिक्षात मी खुशीत होते. अक्कांच्या बाजूनं कुणीतरी बोललं होतं, आणि ते मी बोलले होते.

अक्कांनी दार उघडलं. मोगरा डोक्यात नव्हता.

"आनंद झाला का तुला?" त्यांनी विचारलं.

"अक्का, तो खोटं बोलत होता."

"हौ. बोलत होता. पण माझ्याकडे बोट कायकू दाखवलंस? दोनशे लोकांपुढे? त्यानं मला विचारलं नाही म्हणालीस. तू विचारलं होतंस?"

मला त्यांचाही राग आला. इतकं सोसून ही बाई पुन्हा भावाचीच बाजू घेते म्हणून. मी ते बोलूनही दाखवलं. आवाज चढवून बोलले.

अक्का खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "हात कुणाच्याच हातात नव्हता."

"म्हणजे?"

"त्या दिवशी पाण्याचा टँकर आला होता. मी खाली गेले. संपात, जमिनीखालच्या टाकीत, पाणी सोडून टँकरवाला गेला. वर यायला हवं होतं. आईची कूस बदलायची वेळ झाली होती. पण मी गेटपाशीच उभी राहिले. वारा बरा वाटत होता. वर जायचा कंटाळा आला होता मला. दहा-पंधरा मिनिटं नुसती उभी होते. वर आले तर ती गेलेली." त्यांनी डाव्या हातानं उजवा खांदा धरला. "पुण्याला फोनवर काय सांगणार? तो रडत होता. त्याला बरं वाटावं म्हणून हाताचं सांगितलं. मग सगळ्यांनाच तेच सांगावं लागलं. तुलाही."

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. एवढ्या वर्षांत इतक्या मोठ्या माणसांना मी मरणाबद्दल विचारलं, पण असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. आणि ते मी विचारून मिळालं नव्हतं, दुखवून मिळालं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःचा राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नामपल्ली स्टेशनवरून लेखकाची गाडी होती. जाताना तो बहिणीला भेटायला आला. मी तिथंच होते. उठू लागले तर अक्का म्हणाल्या, "बस." मग त्यांनी भावाला टँकरचं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, कंटाळा आला होता हेसुद्धा सांगितलं. बोलताना त्यांचा आवाज वर्गात गणित समजावून सांगावं तसा सपाट होता.

तो ओक्साबोक्शी रडला. ते रडणं खरं होतं, हे मी कबूल करते. क्षणभर मला वाटलं की आता हा उठेल, बहिणीचा तो गेलेला खांदा हातात घेईल, काहीतरी बोलेल.

त्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, "अक्का, हे फार मोठं आहे गं. हे मी लिहू का?"

"नक्को," अक्का म्हणाल्या.

"नाव बदलून—"

"नक्को म्हटलं ना. तुझी गाडी चुकेल. ऊठ."

तो गेला. भावाला त्यांनी 'नाही' म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दार लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि डाळीला फोडणी दिली. मला म्हणाल्या, "जेवूनच जा."

महिन्याभरानं मंडळानं मुलाखतीचं चित्रीकरण इंटरनेटवर टाकलं. मरणाचा प्रश्न होता. हात होता, दोनदा दाबणं होतं, ते छान थांबणंही होतं. त्यानंतरचे माझे प्रश्न कापून टाकले होते. 'हात सोडणं' हे वाक्य वेगळं काढून, मागे बासरी लावून, तेवढाच तुकडा सगळीकडे फिरतो आहे. माझ्या मामेबहिणीनं तो मलाच पाठवला, हात जोडलेल्या चिन्हासकट. मी सचिवांना लिहिलं, एकतर प्रश्न परत घाला, नाहीतर माझं नाव काढा. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. मी मंडळ सोडलं.

अक्का म्हणतात, "राहू दे." मला राहू देता येत नाही.

हे लिहायला बसण्याआधी मी त्यांना विचारलं, टँकरचंसुद्धा लिहू का म्हणून. दोन दिवस त्यांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या, हातात भाजीची पिशवी होती. म्हणाल्या, "लिही. पण त्याला फार नावं ठेवू नकोस. लहान आहे तो."

तो सत्तरीला आला आहे. मी नावं ठेवली आहेत.