बाबलीच्या न्हाणीचं दार

मी आधीच सांगून टाकते, बाबली आमच्या शेजारचा असला तरी मला तो फारसा आवडत नसे. माणूस वाईट नव्हता. पण आमच्या घरची हातोडी त्याने नेली त्याला चार वर्षं झाली होती. ती परत देत नव्हता याचा मला राग नव्हता. चार वर्षांत तिने त्याच्या घरी एक खिळासुद्धा ठोकला नव्हता, याचा होता.

खिळा ठोकायचा होता तो न्हाणीच्या दाराला. आमच्या आचरा गावात तेव्हा न्हाणी घरामागे, विहिरीजवळ असे. बाबलीच्या न्हाणीला तीन बाजूंनी कुडाच्या भिंती होत्या आणि चौथीला एक किंतान, म्हणजे गोणपाट, लोंबत असे. वारा आला की ते उडे. त्याची बायको जानकी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, इथे एक दार करून घ्या. बाबली म्हणाला, "फाल्या करतंय."

फाल्या म्हणजे उद्या. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं ती बाई तांबडं फुटायच्या आत, कुडकुडत, एका हाताने किंतान धरून अंगावर पाणी घेत होती. भात झोडून दुपारी अंग खाजवत घरी आली तरी तिला न्हाता येत नसे, कारण न्हाणीमागच्या पायवाटेने सगळा गाव जा-ये करायचा. मला तिची फार दया यायची आणि तिच्या नवऱ्याला बदडावंसं वाटायचं.

बरं, आळशी म्हणावं तर तोही नव्हता. रविवारी उजाडल्यापासून गरी घेऊन खाडीवर बसे आणि एक शेंगटी मिळेपर्यंत हलत नसे. सोमवार देवाचा वार, त्या दिवशी म्हणे हत्याराला हात लावू नये. हा नियम त्याने स्वतःच केलेला. बाजाराच्या दिवशी बाजार, काही घ्यायचं नसलं तरी. कुठे जत्रेत दशावतार असला की दुसरा दिवस झोपेत. उरलेल्या दिवसांत अमावास्या एक तर आलेली असे, नाही तर नुकतीच गेलेली. दुसऱ्याचं काम निघालं की मात्र पायात वारं शिरे. पायस आणि फिलोमिना हे आमच्याच वाडीतलं किरिस्ताव जोडपं. त्यांचं कोंबड्यांचं खुराडं त्याने अर्ध्या तासात बांधून दिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

अठ्ठावन्न की एकोणसाठ साली गावपळण आली. आमच्याकडे ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घेऊन गाव रिकामा करतात. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. हिंदू, किरिस्ताव, कोणी मागे राहत नाही. तीन दिवस माळावर झोपड्या बांधून राहायचं आणि देवाने कौल दिला की परतायचं.

घरात सुतळीचा तोडा न सापडणारा बाबली माळावर पोहोचला तो विळा, काथ्या, बांबू आणि आमची हातोडी घेऊन! दुपारपर्यंत त्याची झोपडी उभी राहिली. तिला खुंट्या होत्या, फळी होती, चुलीला आडोसा होता. जानकी घरी जे जे मागत होती ते ते सगळं तिथे तीन दिवसांसाठी तयार. ती नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिलोमिनाने त्याला हटकलं. "बाबली, बायलमाणसांनी न्हावचा खंय रे?"

"थांब," म्हणाला, आणि लागला कामाला. चार बांबू, भोवती नारळाचे झाप आणि पुढे दार! चौकटीचं दार, काथ्याच्या बिजागऱ्या, आतून लाकडाची खिटी. माळावरच्या बायका रांगा लावून न्हायल्या. त्या रांगेत जानकी उभी होती, आपल्याच नवऱ्याने केलेल्या दाराआड जायला. तिचा चेहरा बघून माझीच तळपायाची आग मस्तकात गेली.

चौथ्या दिवशी सकाळी कौल मिळाला. ढोल वाजले, लोक सामान बांधू लागले. जानकी उठली, त्या न्हाणीत गेली आणि आतून खिटी लावली.

"अगो, भायर ये! गाव चललो," बाबली ओरडला.

"घरच्या न्हाणीक दार लागल्याबगर मी भायर येवचंय नाय."

"ह्यांच दार काढून घराक लावतंय मगे!"

"कधी?"

आता इथे तरी माणसाने जीभ चावावी की नाही? पण सवय. "फाल्या येवन नेतंय," म्हणाला. माळावरचा एकूण एक माणूस हसला. मी तर पदर तोंडात कोंबला.

देवळाचे मानकरी दाजी म्हातारे आणि हट्टी. ते काठी आपटून म्हणाले, "सगळी माणसां वेशीच्या आत येयपर्यंत माझ्या घरात चूल पेटूची नाय!" दाजींची चूल नाही म्हणजे भावकीतल्या कुणाचीच नाही. बाबली दारावर थापा मारून विनवू लागला.

शेवटी पायस पुढे आला. "बाबली, तिका भायर काढू नको. न्हाणीच उचलूया."

चार बांबूंना चार पुरुष लागले. न्हाणी हातभर उचलली गेली आणि खालून जानकीची पावलं दिसू लागली. ती आतून चालत होती, हे बाहेरून. ढोलवाल्यांना काय, निमित्तच हवं होतं, ते पुढे झाले. वेशीतून आधी ढोल, मग न्हाणी, मग गुरं, मग आम्ही, असा त्या वर्षी आचरा गावात परतला. वाटेत खांदेपालट झाला. बाबली मात्र एका बांबूला घट्ट धरून होता आणि मिनिटामिनिटाला विचारत होता, "पाय दुखतत काय गो?"

घरामागे विहिरीशी न्हाणी टेकवली. बाबलीने कुणाकडे न बघता कुदळ घेतली आणि चारी बांबू तिथेच खोल पुरले. मग हंड्यात पाणी तापवून दाराबाहेर आणून ठेवलं. खिटी निघाली, एक हात बाहेर आला, हंडा आत गेला, खिटी लागली.

डोक्यावर ऊन होतं. पायवाटेने घरोघर परतणारा गाव जात होता, बोलत, हसत, आणि पलीकडे जानकी भर दुपारी न्हात होती. आधी अगदी जपून तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग भडाभडा. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू!

बाबली दाराशी पाठ करून उकिडवा बसला होता. मान खाली घालून म्हणाला, "जानक्या, माका म्हायत नव्हता गो."

आत पाणी थांबलं. मग तिचा आवाज आला, "अजून एक हंडो हाडा."

तो धावत विहिरीवर गेला.