बाईंचा ऑपेरा

“अगं, गातेस काय? पळ!” पडद्याकडे बघून बाई ओरडायच्या आणि ठोसा बसायचा माझ्या दंडावर.

आमच्या कॉलेज रोडच्या थिएटरात कधीमधी रविवारी संध्याकाळी युरोपातला ऑपेरा थेट दाखवतात. ऑपेरा म्हणजे, मंडळी, सगळं गाऊन बोलायचं आणि शेवटी कुणीतरी कुणालातरी भोसकायचं. सुरी पोटात घेऊनही नायिका असा सूर लावते, की आपल्या हातातले पॉपकॉर्न सांडावेत!

बाई आमच्या शेजारच्या इमारतीतल्या. मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. गाण्यातलं त्यांना काही कळत नसे. “मी मारामारी बघायला येते हो,” म्हणायच्या. खुनी नायकाला मैदानावरच्या आवाजात दम भरायच्या, “ए टोपीवाल्या, हात खाली!” माझा हिरवानिळा दंड बघून बायको विचारायची, “गाणं ऐकायला जाता की कुस्ती खेळायला?”

एकदा त्यांनी सुनेला आणलं आणि आमच्या मधे बसवलं. मी खूश, दंड वाचला! पडद्यावर नवऱ्यानं बायकोचा गळा धरला. मी आरोळीची वाट पाहिली; आलीच नाही. सुनेनं दोन्ही हातांनी स्वतःचा गळा झाकला होता. बाईंनी ते हात अलगद बाजूला केले, ओढणी सरकवली. पडद्याच्या उजेडात बोटांचे काळे ठसे मलाही दिसले.

“त्यानं?”

“आई, घरी बोलू नका. मारून टाकतील मला.”

“ऊठ. घरी जायचंच नाही.”

बाहेर बाईंचा मुलगा बायकोला न्यायला आलेलाच होता. ती येत नाही म्हटल्यावर त्यानं तिला वेणीला धरून फरफटवलं. “आई, तू मधे पडू नकोस!” त्याच्या धक्क्यानं बाई आपटल्या, चष्मा फुटला, भुवईतून रक्त आलं. त्या उठल्या. रांगेसाठी ठेवलेला स्टीलचा खांब उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. “आई गं!” म्हणत तो गुडघ्यांवर कोसळला. आत ती गळा दाबलेली अजून गातच होती.

पोलिसांत तक्रार बाईंनीच दिली. आता दोघी सुनेच्या माहेरी, इगतपुरीला असतात. ऑपेराला मी एकटाच जातो, आणि कितीही खून झाले तरी तो अळणी लागतो.

त्या संध्याकाळी मीच दोघींना रिक्षात बसवलं होतं. सून रडत होती. बाई समोर बघत होत्या. मुलाला मारलेला हात मांडीवर घेऊन दुसऱ्या हातानं चोळत होत्या. पडलेल्या पोराचं डोकं चोळावं, तसा.